औषधवाल्याची दोन वाक्यं

ताईला सगळं जमायचं, समोरचे सहा दात तेवढे जमायचे नाहीत. आणि कवळ्यांच्या कारखान्यात समोरचे दात न जमणं म्हणजे गवयाला सूर सोडून बाकी सगळं यावं तशी गत.

कारखाना म्हणायचा आपला. होती एक लांबोडकी खोली, दातांच्या दवाखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांची मापं यायची. त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, हिरडीत एकेक दात रोवायचा, ती हिरडी दवाखान्यात पाठवून रोग्याच्या तोंडात बसवून बघायची आणि मग पक्की कवळी करायची. भिंतीला धरून एकच सलग टेबल. एका टोकाला नळ आणि प्लास्टरची पोती, दुसऱ्या टोकाला खिडकी. दोघी बहिणी त्याच टेबलावर काम करायच्या. नळाकडच्या टोकाला ताई, खिडकीकडच्या खुर्चीवर धाकटी.

ही वाटणी बाबांची. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी ती एका दमात उरकली होती. "प्लास्टर आणि दाढा मोठीकडे. समोरचे सहा धाकटीकडे. उजेड तिला लागतो, खिडकीशी ती बसेल." झालं! बापानं तीन वाक्यांत पोरीला कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः चहा प्यायला गेला. ताई तेव्हा हसली होती. पण त्या दिवसापासून तिनं धाकटीवर जो दात धरला, तो मात्र काय सुरेख बसला होता म्हणून सांगू!

आता ताई वाईट होती का? छे! ताईसारखी बाई दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही. आईच्या आजारपणात तिनंच केलं, बाबांचं तिनंच केलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांची तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?" धाकटीचा नवरा गेला तेव्हा ताईच धावली. गेला म्हणजे मेला नाही हो, नुसता गेला. दोन बॅगा आणि घरातला चांगला पंखा घेऊन गेला. धाकटी आठ दिवस त्याच एका साडीत बसून राहिली. ताईनं तिला उचलून आपल्या घरी आणलं, न्हाऊ घातलं, घास भरवले, आणि तिसऱ्या महिन्यातही बाई उठेना तेव्हा दंडाला धरून मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांचा डबा ताईनं आपल्या कपाटात ठेवला. रोज सकाळी एक गोळी तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

या सगळ्यात खिडकीची खुर्ची रिकामी होती. काम तर थांबत नाही, लोकांचे दात काय सुट्टीवर जातात? ताई जाऊन बसली. ऊन टेबलावर यायचं, खालची वर्दळ दिसायची, हाताला प्लास्टर लागायचं नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत. तिनं लावलेले दात मात्र कवायतीला उभे केल्यासारखे, सगळे एका उंचीचे, एका रेषेत. ज्याच्या तोंडात जायचे तो माणूस उसनं तोंड लावून आल्यासारखा दिसायचा. धाकटीची तऱ्हा निराळी. ती रोग्याचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायची, तासभर बघत बसायची, आणि मग एखादा दात किंचित आडवा लावायची, एखाद्या सुळ्याचं टोक घासायची. म्हाताऱ्या बायका आरशात बघून रडायच्या.

दीड महिन्यात गोळ्या लागू पडल्या. धाकटी उठली, केस विंचरले, हसली, आणि एका सोमवारी सकाळी येऊन खिडकीच्या खुर्चीवर बसली. "ताई, किती दिवस माझंही काम ओढलंस गं," असं म्हणून तिनं ताईचा हात दाबला. ताई नळाकडे गेली आणि प्लास्टरचं पोतं फोडलं. दुसरं काय करणार?

पायांचं सुरू झालं ते त्यानंतर महिनाभरानं. दुपारपर्यंत बाई ठीक असायची. चार वाजले की तिचा डावा पाय हलायला लागायचा, मग उजवा. टेबल सलग, त्यामुळे तिकडे पाय हलला की इकडे ताईच्या हातातली दाढ मेणात तिरकी बसायची. एकदा तापवलेली सुरी घसरून ताईच्या अंगठ्याला चांगला चटका बसला.

"अगं, पाय आवर की! टेबल आहे का झोपाळा?"

"आवरतेच आहे, ताई. आवरला की जास्तच होतं."

"म्हणजे काय होतं? दुखतं का?"

"दुखत नाही गं. हाडांच्या आत कोणी सोडा ओतल्यासारखं होतं. फसफसतं नुसतं. उठून चार पावलं टाकली की थांबतं, बसले की परत. आडवी झाले की तर विचारूच नकोस."

"कामाचा कंटाळा आला की सगळ्यांच्याच हाडांत सोडा होतो," ताई म्हणाली आणि अंगठा नळाखाली धरला.

गोळ्या आणायला ताईच जायची. महिन्याच्या अखेरीला ती दुकानात गेली तेव्हा चष्मा कपाळावर चढवलेला औषधवाला नेहमीप्रमाणे गप्पांच्या तयारीत होता. ताई हसत हसत म्हणाली, "आमच्या धाकटीला गोळ्या इतक्या मानवल्यात की बाई बसल्या जागी नाचते. चार वाजले की पाय सुरू."

औषधवाला हसला नाही. त्यानं चष्मा खाली ओढला. "संध्याकाळकडे वाढतं का? चाललं की बरं वाटतं? अहो ताई, या गोळ्यांनी काही जणांना पायांचं असं होतं. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील, रक्तातलं लोहही बघतील. पण एक लक्षात ठेवा, आपल्या मनानं एकदम बंद करू देऊ नका, पुन्हा खड्ड्यात जातील त्या."

दोन गोष्टी सांगितल्या त्यानं. पाय गोळ्यांनी हलतात, बदलून मिळेल. आणि अचानक सोडायच्या नाहीत. पाचवीतल्या पोरालाही पाठ होतील.

ताई तिथून निघाली ती खरंच सांगायच्या हेतूनं निघाली. उगाच तिच्यावर आळ नको. जिना चढेपर्यंत वाक्य तिच्या ओठांवर होतं. वर येऊन बघते तर कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आलेले. अर्धं काम त्यांच्याकडून यायचं. माणूस मोकळाढाकळा, तोंडाला कुलूप नाही. सोबत एक निवृत्त मास्तरीण, तोंडात नवी कवळी, हातात आरसा, डोळ्यांतून पाणी. "मीच आहे ही," ती सारखी म्हणत होती, "अहो, ही मीच आहे." धाकटी खुर्चीत लाजून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "हात आहेत की काय आहे हे! धाकट्या बाई, तुम्ही पडलात ना आजारी, तेव्हा मी दोन रोगी चक्क थांबवून ठेवले होते. म्हटलं कवळी उशिरा मिळाली तरी चालेल, पण भलतीच नको." मग त्यांना ताई दिसली. "मोठ्या बाई! प्लास्टर झकास हं!"

ताईनं गोळ्यांची पिशवी खुंटीला अडकवली. उद्या सांगू, तिनं ठरवलं. आणि उद्याचं कसं असतं, उद्याला आणखी एक उद्या असतो.

पंधरा दिवसांनी मनाच्या डॉक्टरांकडची फेरी आली. दोघी समोर बसल्या. बाहेर चौदा जण ताटकळत होते.

"काय म्हणतंय मन?" डॉक्टरांनी विचारलं.

"मन बरं आहे," धाकटी म्हणाली. "पण माझ्या पायांत..."

"पायांत काय, पाय ठरतोय कुठे तिचा!" ताई मध्येच बोलली. "बेचैन असते हो, डॉक्टर. एका जागी बसत नाही, झोप नाही, कामात लक्ष नाही. मला तर पुन्हा तेच सुरू होतंय की काय अशी धास्ती वाटते."

"गोळीचा काही त्रास?"

"छे! गोळी चांगली लागू पडलीये," ताई म्हणाली.

यात खोटं काय होतं ते दाखवा मला. बेचैन होती, बसत नव्हती, झोपत नव्हती. खऱ्याचीच अशी काही मांडणी केली बाईनं की डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळी दुप्पट केली. धाकटीनं तोंड उघडलं होतं ते मिटलं. ताई आपल्यासाठी एवढं बोलते, तिला डॉक्टरांपुढे खोडून कसं काढायचं? बाहेर आल्यावर तर ती म्हणाली, "बरं झालं तू होतीस. मला धड सांगताच येत नाही." ताई म्हणाली, "असू दे गं."

दुप्पट गोळीनं दुप्पट काम केलं. आता चार वाजायची गरज उरली नाही, जेवण झालं की सुरू. बाई खुर्चीत बसायची, उठायची, खिडकीपासून नळापर्यंत जायची, परत यायची. रात्री घरात येरझाऱ्या. भिंतीला टाचा घासून घासून तिथला रंग गेला. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा तिनं दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना ओढणीनं बांधून घेतले आणि काम करायला बसली. पाच मिनिटांत रडत सोडवून घेतले. ताई दाढा लावत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "कठीण आहे बाई तुझं."

मग व्हायचं ते झालं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून एक कवळी परत आली. दातांची मधली रेघ नाकाच्या रेषेत हवी, ती चांगली दोरा-दोन दोरे सरकली होती. म्हातारा हसला की हसू गालात जायचं. धाकटीनं कवळी हातात घेतली आणि पांढरीफटक पडली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"राहू दे," ताई मायेनं म्हणाली. माया खरी होती, बरं का. जिंकलेल्या माणसाला माया फार येते. "तू प्लास्टर घे काही दिवस. ते उभ्यानंच करायचं असतं. समोरचे मी बघते."

अशी ती खुर्ची पुन्हा ताईकडे आली. ताईनं तिच्यावर एक नवी उशी शिवून घातली.

इथे गोष्ट संपती तर ताईला मी माफ केलं असतं. तिची खुर्ची, तिचं ऊन, एखादा महिना हौस भागवून तिनं सांगितलंही असतं कदाचित. पण धाकटी पडली गुणी! काही माणसांना जिथे ढकलाल तिथे ती उगवतात. तिनं प्लास्टर उभ्यानं कालवलं, फिरत फिरत कालवलं, भांडं काखेत धरून चालत चालत घोटलं, आणि साचे असे निघाले की एक बुडबुडा दिसेल तर शपथ. महिन्याच्या शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा फोन आला. "मोठ्या बाई, सध्या प्लास्टर कोण करतंय? साचे म्हणजे काच आहे काच! इतकी वर्षं काय करत होतात?" आणि ते दात काढून हसले. आपण कोणाला काय बोललो, याचा त्या माणसाला पत्ताही नव्हता. ताईनं फोन ठेवला. तिच्याकडे बावीस वर्षं एकच कौतुक होतं, भिकार का असेना, पण स्वतःचं होतं. तेही गेलं.

त्याच आठवड्यात धाकटी सुताराला घेऊन आली. छातीइतक्या उंचीचं टेबल, खिडकीला लागून. "उभ्यानं दात लावायची सवय करते, ताई. पाय हलवत हलवत. टेबल वेगळं असलं की तुलाही धक्का नाही. घरी मेणावर करून पाहिलं, जमतंय. सोमवारी टेबल येईल. मग तू तुझ्या जागी सुटलीस."

तुझ्या जागी! ताईनं हे दोन शब्द शनिवारभर चघळले. रविवारी सकाळी चहाच्या कपासमोर ती म्हणाली, "धाकटे, एक सांगू? तुझे पाय त्या गोळ्यांनी नाचतायत."

धाकटी उभ्यानं चहा पीत होती. ती थांबली. "कोण म्हणालं?"

"औषधवाला."

"कधी?"

"आत्ता, परवा." साडेतीन महिने झाले होते.

"म्हणजे हे आजारपण नाही? मी वेडी होत नाहीये? नुसती ती गोळी?"

"तो तसं म्हणाला. काही जणांना होतं म्हणे."

"मग मी काय करू, ताई?"

आता इथे दुसरं वाक्य यायचं होतं. तोंडात तयार होतं. ताईनं चहाचा घोट घेतला, आणि त्या घोटाबरोबर ते वाक्य पोटात गेलं. "मी काय सांगणार? तू शहाणी आहेस. तुझं तू ठरव."

तिच्या मनात काय होतं, ते तिला विचारू नका. तिच्याकडे बारा उत्तरं आहेत आणि बाराही तिला पटलेली आहेत. मी खरं सांगितलं. मी गोळी बंद कर म्हटलं का? नाही म्हटलं. तिला स्वतःची अक्कल नाही का? असं आणि तसं. पण बाईला ठाऊक होतं. बहिणीला भरवलेले घास तिच्या लक्षात होते, न्हाणीघरात तिला धरून उभं केलेलं लक्षात होतं. खड्डा म्हणजे काय, हे या जगात ताईइतकं कोणाला माहीत होतं?

धाकटीनं त्या दिवसापासून गोळी घेतली नाही. ताई सकाळी डबा उघडायची, धाकटी मान हलवायची, ताई डबा मिटायची. दोन-चार दिवस डोकं गरगरलं, मान वळवली की आत काहीतरी चमकून जायचं. पण पाय! आठव्या दिवशी पाय गप्प झाले. ती संध्याकाळी पलंगावर आडवी पडली आणि पडूनच राहिली, सरळ, एखाद्या राणीसारखी. मग तिनं ताईला हाक मारली. ताईचे दोन्ही हात हातात घेऊन ती रडली. "तू नसतीस तर मी जीव दिला असता गं. कोणी सांगितलं नाही मला, डॉक्टरांनीसुद्धा नाही. तू सांगितलंस." ताई उभी होती. तिनं हात सोडवून घेतले नाहीत. म्हणाली, "झोप आता."

सुतारानं एक आठवडा जास्त लावला, पुढच्या सोमवारी उंच टेबल आलं. धाकटीनं दोन दिवस त्यावर काम केलं, तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस. चौथ्या दिवशी म्हणाली, "आज नको वाटतंय." पुढच्या आठवड्यात केस विंचरायचे राहिले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती पलंगावरून उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताई ताट ठेवायची आणि ताट उचलायची. एकदा तिनं पांघरूण सरकवून धाकटीचे पाय बघितले. थंडगार, एक बोटही हलत नव्हतं. ताईनं पांघरूण ओढलं आणि कामावर निघून गेली.

आता खुर्चीला हक्क सांगायला कोणी नव्हतं. ताई होती, ऊन होतं आणि समोरचे सहा दात होते. आणि दातांना काय हो, कोणाच्या मनाची पडलेली असते? एका निवेदिकेची कवळी होती. तिचं सगळं पोट तोंडावर. पहिल्यांदा परत आली: "फार सरळ." ताईनं धाकटीसारखा एक दात आडवा लावून पाहिला. दुसऱ्यांदा परत आली: "हा दात पडतोय की काय, असं विचारतात." तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतःच जिना चढून आले. या वेळी हसले नाहीत.

"मोठ्या बाई, स्पष्ट बोलतो. धाकट्या बाई कधी येणार ते सांगा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. सगळंच. साचेसुद्धा."

गेले. ताई खुर्चीत बसून राहिली. मग तिला घाई सुटली. धाकटी उठायला हवी होती, ताबडतोब, आणि ती कशानं उठते ते ताईला माहीत होतं. घरचा डबा रिकामा झाला होता, कारण मधल्या काळात ताईनंच गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या, "मोह नको" म्हणून. मनाच्या डॉक्टरांकडे जायची छाती नव्हती, तिथे प्रश्न विचारतात. ती घरी आली, धाकटीला उठवून बसवलं, साडी बदलली, चपला घातल्या आणि दंडाला धरून औषधाच्या दुकानात घेऊन गेली. तिला तिथे न्यायची काही गरज होती का? नव्हती. पण एकटी ठेवायची भीती वाटायला लागली होती. एवढं तरी म्हणायला हवं.

"त्याच गोळ्या द्या," ताई म्हणाली. "मध्ये खंड पडला जरा."

"किती दिवसांचा?"

"महिना झाला असेल."

औषधवाल्यानं धाकटीकडे बघितलं. ती दुकानाच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत होती. त्यानं चष्मा खाली ओढला. "अहो ताई, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? डॉक्टरांकडून बदलून घ्या, पण आपल्या मनानं एकदम बंद करू देऊ नका, खड्ड्यात जातील. याच शब्दांत सांगितलं होतं की नाही? अशाच उभ्या होतात तुम्ही समोर!"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही वळून बघितलं. ताईची दातखीळ बसली.

धाकटी आठ दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. तिनं मान वर केली. तिचा आवाज घोगरा, वापर नसल्यासारखा आला. "सांगितलं होतं तिनं मला. मीच ऐकलं नाही."

"मग चूक तुमची," औषधवाला म्हणाला. "असं करू नये. आधी डॉक्टरांना भेटा, मी अशा देणार नाही."

परत येताना धाकटीनं ताईचा कोपर धरला होता. घट्ट नाही, म्हातारी माणसं धरतात तसा, आधाराला. घरात आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "कपाटाची किल्ली दे."

ताईनं दिली.

दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरांनी धाकटीला फैलावर घेतलं. आपल्या मनानं औषध बंद करणं म्हणजे काय पोरखेळ आहे का? आणि पायांचा त्रास होता तर आधी का सांगितला नाही? बदलून दिली असती की मी! ताई शेजारच्या खुर्चीत होती. धाकटीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, सावकाश बघितलं.

"सांगणार होते," ती म्हणाली. "राहून गेलं."

रक्त तपासलं, लोह तळाला गेलेलं. लोहाच्या गोळ्या आल्या, मनाची दुसरी गोळी आली. दोन-अडीच महिने गेले. धाकटी पुन्हा केस विंचरायला लागली. पाय अधूनमधून कुरकुरतात अजून, पण टेबल हलत नाही. ती खिडकीच्या खुर्चीवर बसते. निवेदिकेची कवळी तिनं पहिल्या झटक्यात करून दिली. डॉक्टर पुन्हा जिना चढताना हसू लागले आहेत. ताई नळाकडे उभी असते आणि तिच्या साच्यांत बुडबुडे येतात.

त्या गोष्टीबद्दल धाकटीनं एक अक्षर काढलं नाही. भांडली नाही, रडली नाही, घर सोडून गेली नाही. ताईला वाटलं होतं, एकदा आदळआपट होईल, चार शिव्या खाऊ आणि मोकळ्या होऊ. तशी मोकळीक देईल तर ती धाकटी कसली! कोण म्हणतं तिला राग येत नाही?

ती एवढंच करते. रोज सकाळी कारखान्यात आली की पर्समधून आपली गोळी काढते, पाण्याचा पेला भरते, आणि गोळी तोंडात टाकायच्या आधी विचारते, "ताई, काही सांगायचं राहिलंय का गं?" आवाज गोड. मापं घेऊन आलेली माणसं समोर असली तरी विचारते. त्यांना वाटतं, बहिणी असाव्यात तर अशा.

साडेतीन महिने ताईच्या जिभेवर येतात. डॉक्टरांसमोर मध्येच तोडलेलं वाक्य येतं. हिला यातलं किती ठाऊक आहे, हे काही केल्या कळत नाही. सगळं माहीत असून विचारते? की खरंच विचारते? सांगितलं आणि तिला माहीत नसलं तर? नाही सांगितलं आणि माहीत असलं तर? प्लास्टर भांड्यात घट्ट व्हायला लागतं.

"नाही गं," ताई म्हणते. "काही नाही."

"बरं," धाकटी म्हणते. मग ती गोळी जिभेवर ठेवते आणि ताईवरची नजर न काढता सगळं पाणी पिऊन टाकते.